खाडाखोड नसलेली वही

"मूळ कागद कुठे आहेत?" माझ्या गाइड मॅडमनी विचारलं, आणि मला प्रश्नच कळला नाही. माझी वही त्यांच्या टेबलावर उघडी होती. समास आखलेला, तारीख उजव्या कोपऱ्यात, त्याखाली वारा, पाऊस, तापमान, मग प्लॉटचा नंबर आणि समोर आकडा. सहा आठवड्यांची वही, आणि एकाही पानावर खाडाखोड नाही. मी म्हटलं, "हेच आहेत की." त्या म्हणाल्या, "हे नाहीत. बाहेर उभं राहून ज्यावर लिहिलंत ते." मी सहज, खरं तर जरा कौतुकाच्या अपेक्षेनेच सांगितलं की ते रफ होते, रोज संध्याकाळी वहीत उतरवून झाले की आम्ही ते स्टोव्हमध्ये घालत होतो.

मॅडम उठल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. मला जर्मनीत येऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. इथे ऑफिसचं दार उगाच कोणी लावत नाही, एवढं कळायला तेवढी पुरतात.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली, तरी लिहायला बसलं की कान तापतात. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हा आमच्या घराण्याचाच गुण आहे. हा राग नक्की कुणाकुणावर आहे ते एकदा नीट बघावं म्हणून हे लिहिते आहे. त्यात मीही आहे, हे आधीच सांगून टाकते.

मी हॅनोव्हरमध्ये बायॉलॉजीत मास्टर्स करत होते. आमच्या इन्स्टिट्यूटमधून दर उन्हाळ्यात दोन विद्यार्थ्यांना स्वालबार्डला प्राक्टिकुमसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी, पाठवत. स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्याही पुष्कळ वर, जिथे झाड म्हणून जे असतं ते बोटाच्या पेरापेक्षा उंच होत नाही. त्या सहा आठवड्यांत जे मोजायचं त्यावरच पुढे माझा थीसिस उभा राहायचा होता. निवड झाल्याचं घरी कळवलं तेव्हा आईने दोन तासांत अख्ख्या कोथरूडला सांगून टाकलं की आमची मुलगी उत्तर ध्रुवावर संशोधनाला निघाली.

संशोधन म्हणजे काय, तर हंसांच्या लेंड्या मोजणं. लेंडी हा शब्द शेळीचा आहे हे मला माहीत आहे, पण त्या दिसतात तशाच, फक्त लांबट. हिवाळा दक्षिणेत काढून हे जंगली हंस उन्हाळ्यात तिथे येतात आणि दिवसभर गवत कुरतडत बसतात. ते कुठे किती चरले हे त्यांना विचारता येत नाही, म्हणून मागे काय टाकून गेले ते मोजायचं. जमिनीत एक खुंटी, तिला बांधलेली दोरी, दोरी गोल फिरवायची आणि त्या गोलातल्या लेंड्या मोजून गोलाबाहेर फेकायच्या, म्हणजे तीन दिवसांनी परत आल्यावर जुन्या पुन्हा मोजल्या जात नाहीत. अशा चाळीस खुंट्या होत्या. आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे नको सांगूस कुणाला. संशोधनच म्हण."

माझा जोडीदार माझ्याच वर्गातला एक जर्मन मुलगा होता. उंच, शांत, कुणाशी कधी आवाज चढवून न बोलणारा. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे पहिल्याच दिवशी ठरलं की तो गुडघ्यावर बसून मोजणार आणि मी शेजारी उभी राहून लिहिणार. लिहिणाऱ्याला आणखी एक काम असे. स्टेशनचा एक नॉर्वेजियन माणूस रायफल घेऊन उंचवट्यावर बसलेला असायचाच, पण त्याला न दिसणारे खळगे खूप होते, म्हणून दर आकड्यानंतर मान वर करून चारी बाजूंना अस्वल दिसतंय का ते बघायचं. मॅडम पहिला आठवडा दिवसा आमच्याबरोबर असत आणि संध्याकाळी मोठ्या स्टेशनवर मुक्कामाला जात, मग त्या परतल्या. पुढचे पाच आठवडे आम्ही तिघेच त्या लाकडी खोपटात.

बाहेर लिहायला न भिजणाऱ्या कागदाचे छापील फॉर्म होते. भिजत नसले तरी घाण व्हायचेच. जाड हातमोजा, त्यात पेन्सिल, समोरून वारा, आणि जोडीदार मोजता मोजता "बारा, नाही, थांब, ती आधीची आहे, अकरा" असं ओरडणार. मी बारा खोडून अकरा लिहायची, कडेला चिखलाचा अंगठा उठायचा, कधी चिखलापेक्षा वाईट कशाचा. खोपटात परतल्यावर मी ते फॉर्म पुढ्यात घेऊन पुठ्ठ्याच्या वहीत नीट उतरवायला बसे. रायफलवाला कॉफी उकळायचा. माझा जोडीदार किनाऱ्यावर वाहत आलेली लाकडं फोडून स्टोव्ह पेटवायचा, आणि पेटवायला कोरडा कागद हवा म्हणून माझे उतरवून झालेले फॉर्म घ्यायचा. तोच घ्यायचा, स्वतःच्या हाताने. पहिल्या दिवशी मीच म्हटलं होतं की हे झाले, घे. नंतर त्याने विचारलंही नाही. वही बघून तो म्हणायचा, "वाव, हे तर छापल्यासारखं आहे."

कागद जपून ठेवावेत असं नियमावलीत होतं का? होतं. मी ती वाचली होती, खाली सहीही केली होती. पण मला वाटलं जपायचे ते आकडे. ते तर मी सोन्यासारखे जपत होते.

हे मला कुणी शिकवलं? बी.एस्सी.च्या तीन वर्षांनी शिकवलं. आमच्याकडे सायन्स केलेल्या कुणालाही जर्नल म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. प्रॅक्टिकलच्या वेळी जे दिसलं ते रफ वहीत, आणि घरी येऊन ते फेअर जर्नलमध्ये. डावीकडच्या कोऱ्या पानावर टोकदार पेन्सिलने आकृती, उजवीकडच्या रेघी पानावर शाईने मजकूर, पुढे अनुक्रमणिका, शेवटी विभागप्रमुखांची सही. मार्क सगळे फेअरला. रफ वही कधी कुणी बघायला मागितली नाही, वर्षाअखेरीला ती रद्दीत जायची. दुसऱ्या वर्षाला माझ्या जर्नलमध्ये गांडुळाच्या पचनसंस्थेच्या पानावर एक शब्द खोडलेला होता. सरांनी ते पान सगळ्यांसमोर टर्रकन फाडलं आणि म्हणाले, "खाडाखोड म्हणजे तुला नक्की माहीत नाही." त्या दिवसानंतर माझ्या फेअर वहीत खाडाखोड नाही. मी वर्गात पहिली यायचे ती माझ्या जर्नलवर. मला ते सर भेटले तर आज दोन गोष्टी सुनवीन.

आणि इथे मॅडमनी दार लावून मला सांगितलं ते नेमकं उलटं. सहा आठवडे उघड्यावर, वाऱ्यापावसात काम आणि एकही चूक खोडलेली नाही, हे शक्यच नाही, त्या म्हणाल्या. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मला आयुष्यभर शाबासकी मिळाली, तिच्यामुळेच मी इथे संशयित झाले. मूळ कागद नसतील तर हे आकडे तिथे मोजलेत की टेबलापाशी बसून तयार केलेत, हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला ओरडून उत्तर देता येतं. त्यांनी फक्त सांगितलं की प्रकरण ओम्बुड्सपर्सोनकडे द्यावं लागेल. म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीत संशोधनातल्या खऱ्याखोट्याचा निवाडा करणारे एक प्रोफेसर होते, त्यांच्याकडे. तोवर वही त्यांच्या कपाटात राहणार, थीसिस थांबणार.

मी बाहेर पडले ती तडक जोडीदाराला फोन लावला. उचलला नाही. मेसेज टाकला. संध्याकाळी उत्तर आलं, "अरे बापरे, वैताग आहे. बोलू तिथे."

तिथे म्हणजे पुढच्या आठवड्यात प्रोफेसरांच्या खोलीत, मॅडमसमोर. पांढऱ्या भुवया, समोर पाण्याचे चार ग्लास, अतिशय सभ्य माणूस. त्यांनी आधी त्याला विचारलं. मी निर्धास्त बसले होते, कारण आता तो सांगणार होता की आकडे मी सांगत होतो, ही लिहीत होती, रोज उतरवत होती, कागद मीच जाळले. चार वाक्यांचं काम. तो ग्लासाकडे बघत म्हणाला, "मी मोजायचो. लिहिण्याचं सगळं तिच्याकडे होतं. वहीबद्दल मला काही सांगता येणार नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतका वेळ बघितलं की प्रोफेसरांनी माझं नाव दोनदा घेतलं.

मग माझी पाळी. मी सगळं सांगितलं, स्टोव्हसकट, तो कागद घ्यायचा त्यासकट. त्यावर तो "हो, काही वेळा घेतले असतील" एवढंच म्हणाला. रायफलवाल्या माणसाला मी आधीच ईमेल करून ठेवली होती. त्याने बिचाऱ्याने लगेच लिहिलं होतं की ही मुलगी रोज संध्याकाळी लिहायला बसायची आणि फार सुंदर लिहायची. प्रोफेसर म्हणाले, "आल्झो, म्हणजे तुम्ही लिहीत होतात हे त्यांनी पाहिलं. काय लिहीत होतात ते नाही." बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की राग काढायला जागाच उरली नाही.

नंतर त्यांनी असा एक प्रश्न विचारला, जो इतके दिवस मी स्वतःला विचारला नव्हता. "मोजताना तो कधी 'फीलाइश्ट' म्हणायचा का? कदाचित चौदा, कदाचित पंधरा, असं?"

म्हणायचा. पाऊस पडला की लेंड्या विरघळतात, एकीच्या दोन झाल्या की दोनांची एक, ते कळत नाही. मी रफवर चौदा लिहून पुढे प्रश्नचिन्ह करायची.

"आणि वहीत?"

वहीत चौदा. प्रश्नचिन्ह नाही, कारण फेअर वहीत प्रश्नचिन्ह कोण ठेवतं? हे मी तिथे म्हणाले नाही, पण मनात तेच आलं. मी आकडे बनवले नव्हते. पण जिथे आम्हाला माहीत नव्हतं तिथे माहीत होतं असं मी दाखवलं होतं, सहा आठवडे, सुंदर अक्षरात. आणि अशी प्रश्नचिन्हं किती होती आणि कुठे होती, हे सांगू शकणारे कागद खोपट ऊबदार करून धुराड्यातून निघून गेले होते. मी म्हटलं, "प्रश्नचिन्हं मी वहीत घेतली नाहीत." प्रोफेसरांनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी एक शब्द खोडला, सरळ एका रेघेने, आणि पुढे लिहीत राहिले.

पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली.

ते दोन आठवडे मी कशी वागले ते माझ्या घरमालकिणीला विचारा. मी एका मराठी कुटुंबात खोली घेऊन राहत होते. दादा एका सॉफ्टवेअर कंपनीत, वहिनी अर्धवेळ नोकरी करून घर बघायच्या, आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा मी मराठीत काहीही विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. त्या दिवसांत मी त्याच्यावरही खेकसले. वहिनींनी मला काही न विचारता दोनदा पिठलं केलं, तरी माझं तोंड वाकडंच.

त्यातच गणपती आले. हॅनोव्हरची मराठी मंडळी एक हॉल भाड्याने घेऊन करतात, आणि मी आर्क्टिकला असतानाच वहिनींनी परस्पर कार्यक्रमपत्रिकेत टाकून ठेवलं होतं की आपल्यातल्या एका मुलीकडून आर्क्टिकची सचित्र माहिती, मुलांसाठी. नाही म्हणायची सोय नव्हती. उकडीचे मोदक खाऊन सुस्तावलेल्या साठेक माणसांसमोर मी हंस दाखवले, खुंटी दाखवली, खोपट दाखवलं. तिथे नेट होतं का, असं तिघांनी विचारलं. तुम्ही शाकाहारी ना, मग काय खाल्लंत, असं एका काकूंनी विचारलं. टाळ्या पडल्या. माझ्या हातात नारळ आणि शाल आली. ज्या आकड्यांवरून माझी चौकशी चालली होती त्यांच्याबद्दल शाल घेऊन मी खुर्चीवर जाऊन बसले आणि मला इतकी शरम वाटली की मी ती घडी करून खुर्चीखाली सारली.

घरी येताना ट्राममध्ये मी दादा-वहिनींना सगळं सांगून टाकलं. वहिनी म्हणाल्या, "अगं मग आधी का नाही बोललीस, मी कार्यक्रम रद्द केला असता." दादा मात्र मान हलवत म्हणाले, "रॉ डेटा डिलीट केलास? कोण करतं असं? बॅकअप तरी घ्यायचास."

मग मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, "दादा, तुम्ही पुण्यात इंजिनिअरिंग केलंत ना? सबमिशनला ड्रॉइंग शीट कशा काढायचात?"

ते हसायला लागले. "जीटी मारायचो. काचेखाली बल्ब, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली. सगळेच करायचे."

"आणि रीडिंग्ज?"

"रीडिंग्ज काय, ग्राफ सरळ आला पाहिजे त्या हिशेबाने." मग त्यांचं हसू जरा कमी झालं. "पण ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

समोरच्या सीटवरची जर्मन बाई आमच्याकडे बघायला लागली, तेव्हा वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला. मुलगा जर्मनमध्ये विचारत होता की ताई का भांडते आहे. उतरताना दादा म्हणाले, "वेगळं काही नव्हतं. खरं आहे तुझं." तेवढ्याने माझा दादांवरचा राग गेला, बाकीचा तसाच राहिला.

बाकीचा म्हणजे त्या जोडीदारावरचा. मॅडमचं मला समजत होतं, पाच आठवडे त्या तिथे नव्हत्याच. प्रोफेसरांचं तर कामच ते होतं. पण तो गुडघ्यावर वाकून मोजत असायचा, पाठ उघडी, आणि त्या पाठीमागे अस्वल येत नाही ना हे बघणारे डोळे माझे होते. जिवासाठी माझ्यावर भरवसा चालला आणि लेंड्यांच्या आकड्यांसाठी त्याला काही सांगता येईना. एका दुपारी लायब्ररीत तो समोरून आला. मी रस्ता न सोडता उभी राहिले. तो म्हणाला, "हे बघ, मी विचार करतोय यावर." मी म्हटलं, "विचार काय करायचाय? आठवायचंय." तो बाजूने निघून गेला.

दुसऱ्या बैठकीला पुन्हा तेच चार ग्लास. प्रोफेसरांनी त्याला विचारलं की मागच्या वेळी सांगितलंत त्यात काही भर घालायची आहे का. तो ताठ बसला आणि म्हणाला, "हो. मी रोज संध्याकाळी वही मूळ फॉर्मशी ताडून बघायचो. एक एक ओळ. ते तंतोतंत होतं. कागद त्यानंतरच जाळले जायचे."

मॅडमनी मान वर केली. प्रोफेसरांनी चष्मा काढला. "प्रश्नचिन्हंसुद्धा?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "ती आम्ही दोघांनी बोलून सोडवायचो." प्रोफेसर म्हणाले, "आल्झो, मग दोघांनी तपासलेली प्रत आहे म्हणायची. हे आधी सांगितलं असतंत तर एवढं ताणलं नसतं." आणि मॅडम, ज्या इतक्या दिवसांत माझ्याकडे बघून एकदाही हसल्या नव्हत्या, त्या हसल्या.

त्याने एकदाही ताडून बघितलं नव्हतं. एकदाही नाही. लाकडं फोडून झाली की तो बाकावर आडवा व्हायचा आणि कानात गाणी घालायचा. मी वही दाखवली तर "वाव" म्हणायचा.

तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. थीसिस वाचला होता, सेमिस्टर वाचलं होतं, आईला काही सांगावं लागणार नव्हतं. मी फक्त मान हलवायची होती. पण मला एवढंच दिसत होतं की माझं खरं दोन आठवडे त्या टेबलावर पडून होतं आणि कुणी त्याला हात लावला नव्हता, आणि त्याचं खोटं एका मिनिटात पसंत पडलं. कुणी त्याला विचारलं नाही की ताडून बघितल्याचा पुरावा काय. कुणी विचारलं नाही की मग मागच्या वेळी का बोलला नाहीस. त्याने सांगितलं म्हणजे तसंच असणार.

मी म्हटलं, "तो खोटं बोलतोय."

लोक पुढे मला म्हणाले की तू फार प्रामाणिक. वहिनी तर आजही चारचौघांत सांगतात. मी प्रामाणिकपणाने बोलले नाही. मी संतापाने बोलले. त्याच्या मेहेरबानीवर माझे आकडे खरे ठरणार असतील तर ते मला खोटे चालणार होते. मी प्रोफेसरांना सांगितलं की त्याने काहीही तपासलं नाही, प्रश्नचिन्हं मी एकटीने काढून टाकली, कुणाशी बोलून नाही, आणि कोणत्या पानावर किती होती ते आज मला सांगता येणार नाही. बोलताना माझं जर्मन कोसळलं, मी अर्धं इंग्लिशमध्ये बोलले. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. प्रोफेसरांनी चष्मा परत घातला, आणि जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाले, "हे तुम्ही बोलला नसतात तरी चाललं असतं."

निकाल कागदावर आला तो असा, की फसवणूक केल्याचं दिसत नाही, पण आकडे वापरता येणार नाहीत. त्या उन्हाळ्याच्या रकान्यात आडवी रेघ पडली. सहा आठवडे आर्क्टिकला हजर होते असं प्रमाणपत्र मला मिळालं. थीसिस मी नंतर हॅनोव्हरमधल्याच लाइने नदीच्या काठच्या गवतावर केला, एक सेमिस्टर जास्त घेऊन. आईने फोनवर विचारलं, "कशाला बोललीस गं? तो मुलगा चांगला सावरून घेत होता." मी फोन ठेवला, आणि पाच दिवस केला नाही.

पण त्या दिवशी, बैठक संपल्यावर, तो मला खाली सायकलींच्या स्टँडपाशी गाठायला आला. पहिल्यांदा मी त्याला चिडलेला बघितला. कान लाल झाले होते. तो म्हणाला, "का केलंस असं? मी तुझ्यासाठी खोटं बोललो. आता माझ्यावर शेरा येणार."

मी म्हटलं, "मला खोटं नको होतं. पहिल्या दिवशी खरं बोलायचं होतंस. 'आकडे मी सांगितले, तिने लिहिले.' एवढंच. का नाही बोललास?"

त्याने सायकलच्या कुलपाशी चाळा केला. तो स्वभावाने वाईट नव्हता, हे मी आता म्हणू शकते, आणि म्हणूनच त्याने खरं उत्तर दिलं.

"खरं सांगू? पहिल्या दिवशी मला वाटलं, तू थोडेफार आकडे मनाने घातले असशील. मॅडम म्हणाल्या तेव्हा मलाही वाटलं, वही फारच स्वच्छ आहे."

"प्रत्येक आकडा तू ओरडून सांगत होतास. मी तुझ्या शेजारी उभी होते."

"हो," तो म्हणाला. "पण तुमच्याकडे हे कसं करतात, मला माहीत नव्हतं."

तो हे अगदी सरळपणे बोलला. तो सायकलवर बसून निघून गेला आणि मी स्टँडपाशी उभी राहिले. स्वतःच्या डोळ्यांनी मोजलेला, स्वतःच्या तोंडाने सांगितलेला आकडा, पण तो माझ्या हातून कागदावर गेला म्हटल्यावर त्यालाच तो खरा वाटेनासा झाला होता.